नॅनोसेकंदाचा टाइमस्टॅम्प घ्यायचाय? आधी घड्याळ निवडा

‘आत्ताची वेळ’ सांगणारं फंक्शन प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत असतं. अडचण एवढीच, की ते एक नसतं, तीन-चार असतात. सगळ्यांची नावं मिळतीजुळती, सगळी लांबलचक आकडे परत देणारी. मग नवखा माणूस ज्या आकड्यात अंक जास्त ते फंक्शन उचलतो. कोड चालतो, चाचण्या पास होतात आणि काही महिन्यांनी लॉगमध्ये उणे तीन मिलिसेकंदांत पूर्ण झालेली रिक्वेस्ट दिसते.

या लेखात नेमका तोच गोंधळ सोडवायचा आहे. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये अर्थातच ती मूळ रोमन स्पेलिंगने लिहायची.

पायरी १: ‘किती वाजले?’ की ‘किती वेळ लागला?’

कोड लिहायच्या आधी यातला आपला प्रश्न कोणता ते ठरवा. दोन्ही प्रश्नांना वेगवेगळी घड्याळं लागतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याकडून घेतलं की घोळ होतो.

‘किती वाजले’ हे सांगतं ते वॉल क्लॉक. ते बहुतेक ठिकाणी १ जानेवारी १९७०, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र या क्षणापासून मोजतं. जगातल्या वेळेशी जुळून राहणं हे त्याचं काम, त्यामुळे चुकलं की ते दुरुस्त केलं जातं. दुरुस्ती म्हणजे कधी पुढे उडी, कधी मागे. अ‍ॅडमिनने हाताने वेळ बदलली तरी ते बदलतं. ‘ही नोंद कधी झाली’ हे लिहून ठेवायला ते योग्य आहे.

‘किती वेळ लागला’ यासाठी मोनोटॉनिक क्लॉक. त्याचा शून्य कुठे आहे याला काही अर्थ नसतो. बऱ्याचदा मशीन चालू झाल्यापासून मोजणी सुरू होते. त्याचा एकटा आकडा निरुपयोगी, पण दोन आकड्यांची वजाबाकी भरवशाची, कारण हे घड्याळ मागे जात नाही.

मागे गेलं तर काय होतं याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१६ साल संपताना यूटीसीमध्ये एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायचा जादा सेकंद, घातला गेला. १९७२ पासूनचा तो सत्ताविसावा आणि आजवरचा शेवटचा. युनिक्सची वेळ लीप सेकंद मोजत नाही, म्हणून त्या क्षणी घड्याळात तोच सेकंद दुसऱ्यांदा आला. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीच्या गो भाषेत लिहिलेल्या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचा प्रतिसाद-वेळ दोन वॉल-क्लॉक वेळांच्या वजाबाकीतून काढला जायचा. तो उणे निघाला, पुढे रँडम संख्या देणाऱ्या फंक्शनला दिला गेला, आणि ते फंक्शन उणे संख्या मिळाली की सरळ पॅनिक करतं, म्हणजे काम तिथेच सोडून देतं. कोडमध्ये तपासणी होती, पण ‘शून्याइतकं आहे का’ एवढीच. ती ‘शून्य किंवा त्याहून कमी’ केली, म्हणजे एक चिन्ह वाढवलं, आणि प्रश्न सुटला. वेळ उणे येईल असं तो कोड लिहिताना कुणाच्या मनातही येणं कठीण होतं. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या गो १.९ पासून टाइम.नाउ() वॉल क्लॉकबरोबर मोनोटॉनिक वाचनही सोबत ठेवतं आणि वजाबाकीसाठी आपण होऊन तेच वापरतं.

लीप सेकंद वर्षानुवर्षं येत नाही, हे खरं. पण घड्याळ मागे सरकायला लीप सेकंदच लागतो असं नाही. एनटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या पद्धतीची, एखादी मोठी दुरुस्तीही पुरते.

पायरी २: आपल्या मशीनवरचं घड्याळ खरोखर किती बारीक आहे ते पाहा

आकड्यात नऊ दशांश स्थळं दिसली म्हणजे घड्याळ नॅनोसेकंदाला टिकटिकतं, असं नाही. एकक नॅनोसेकंद असलं तरी घड्याळ पुढे सरकताना मोठाल्या उड्या घेत असू शकतं. हे कागदपत्रांत वाचण्यापेक्षा स्वतः मोजावं; पाच मिनिटांचं काम आहे.

पायथॉन उघडा. टाइम.टाइम_एनएस() बोलावून आकडा ‘मागचा’ या व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग दहा लाख फेऱ्यांचा लूप लावा. प्रत्येक फेरीत नवा आकडा घ्या, मागचा वजा करा, फरक शून्य नसेल तर यादीत टाका, आणि नवा आकडा ‘मागचा’ करा. शेवटी यादीतला सर्वांत लहान फरक आणि पहिले वीस फरक छापा.

लिनक्सवर फरक दहा-वीसपासून शे-दीडशे नॅनोसेकंदांपर्यंत, वेडेवाकडे दिसतील. त्यात घड्याळापेक्षा फंक्शन बोलावण्याचा खर्चच जास्त आहे. मॅकवर त्याच आकड्यांचे शेवटचे तीन अंक कायम ००० दिसतात, कारण तिथलं वॉल क्लॉक मायक्रोसेकंदाच्या खाली जात नाही. विंडोजवर पायथॉन ३.१२ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर यादीत जेमतेम काही नोंदी असतील, आणि प्रत्येक फरक साधारण १,५६,२५,००० नॅनोसेकंद, म्हणजे १५.६ मिलिसेकंद. सेकंदाला ६४ वेळा सरकणारं घड्याळ नॅनोसेकंदाचा वेश घालून बसलेलं असतं. पायथॉन ३.१३ ने विंडोजवर जास्त बारीक एपीआय घेतल्यापासून हा फरक मायक्रोसेकंदाच्या घरात आला आहे.

आता तोच लूप टाइम.परफ_काउंटर_एनएस() घेऊन चालवा. विंडोजच्या बहुतेक नव्या मशीनवर हे घड्याळ १ कोटी हर्ट्‌झने चालतं, म्हणून फरक १०० च्या पटीत येतात. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या मॅकमध्ये मूळ काउंटर २४ मेगाहर्ट्‌झचा आहे, म्हणून ४१ किंवा ४२ नॅनोसेकंदांची उडी. हे आकडे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढे कुणी ‘आम्ही नॅनोसेकंदात मोजतो’ म्हटलं तर काय विचारायचं ते आपोआप कळतं.

पायरी ३: फ्लोटमध्ये ठेवू नका

ही पायरी छोटी आहे, पण माझ्या मते सर्वांत जास्त अचूकता इथेच वाया जाते, तीही गुपचूप.

टाइम.टाइम() सेकंद फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येच्या रूपात देतं. ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये अचूकतेसाठी ५३ बिट असतात. युनिक्स वेळ १,७०,००,००,००० सेकंद झाली होती १४ नोव्हेंबर २०२३ ला. एवढ्या मोठ्या संख्येजवळ लगतच्या दोन फ्लोटमध्ये सुमारे २३८ नॅनोसेकंदांची दरी असते. घड्याळ कितीही चांगलं असो, मधल्या वेळा त्या चौकटीत बसतच नाहीत. म्हणूनच पायथॉन ३.७ मध्ये, २०१८ साली, ‘_एनएस’ शेपटीची फंक्शनं आली, जी पूर्णांक देतात. तीच वापरा.

जावास्क्रिप्टमध्ये हाच खड्डा जास्त खोल आहे, कारण तिथली साधी संख्या फ्लोटच असते. १९७० पासूनचे नॅनोसेकंद तिच्यात घातले की ते २५६ च्या पटीत गोल होतात. नोडमध्ये प्रोसेस.एचआरटाइम.बिगइंट() बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक) देतं, ते ठीक. पण १९७० पासूनच्या नॅनोसेकंदांचा आकडा जेसनमधून संख्या म्हणून ब्राउझरला पाठवला, की तिकडे पोहोचेपर्यंत शेवटचे दोन-तीन अंक बदललेले असतात. कुठेही एरर येत नाही. मोठा टाइमस्टॅम्प जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणूनच पाठवावा.

पायरी ४: आपल्या भाषेतलं फंक्शन

पायथॉनचं वर आलंच: नोंदीसाठी टाइम_एनएस, मोजण्यासाठी परफ_काउंटर_एनएस. डेटटाइम मात्र मायक्रोसेकंदावर थांबतं, त्यामुळे मधे कुठे डेटटाइममध्ये रूपांतर केलं तर शेवटचे तीन अंक गेले.

जावामध्ये सिस्टिम.नॅनोटाइम() मोजण्यासाठी. त्याचा शून्य मनमानी असतो, आकडा उणेही असू शकतो, आणि दोन वेगवेगळ्या जेव्हीएममधले (जेव्हीएम म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) आकडे एकमेकांतून वजा करण्यात काही अर्थ नाही. तुलना करताना ‘टी१ < टी०’ असं लिहू नका. ‘टी१ - टी० < ०’ असं लिहा, म्हणजे आकडा ओव्हरफ्लो झाला तरी उत्तर बरोबर येतं. नोंदीसाठी इन्स्टंट.नाउ(). जावा ८ मध्ये ते मिलिसेकंदच देत होतं, ९ पासून मायक्रोसेकंद आले, आणि लिनक्सवर १५ पासून नॅनोसेकंद. एकाच कोडची चाचणी वेगवेगळ्या आवृत्त्यांवर वेगळी वागण्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं: जास्तीचे अंक आले आणि डेटाबेसमधून परत वाचलेली वेळ मूळ वेळेशी जुळेनाशी झाली.

सी++ मध्ये क्रोनो लायब्ररीत हाय_रिझोल्यूशन_क्लॉक नावाचं घड्याळ आहे आणि नावाला भुलून सगळे तेच घेतात. घेऊ नका. ते स्वतंत्र घड्याळ नसून दुसऱ्या एखाद्याचं टोपणनाव असतं. जीसीसीच्या लायब्ररीत ते सिस्टिम_क्लॉक आहे, म्हणजे मागे जाऊ शकणारं, तर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत स्टेडी_क्लॉक. मोजायचं असेल तर स्पष्टपणे स्टेडी_क्लॉक लिहा, नोंदीसाठी सिस्टिम_क्लॉक.

सीमध्ये लिनक्सवर थेट क्लॉक_गेटटाइम. त्याला कोणतं घड्याळ हवं ते सांगावं लागतं: क्लॉक_रिअलटाइम म्हणजे वॉल क्लॉक, क्लॉक_मोनोटॉनिक म्हणजे नावाप्रमाणे. मोनोटॉनिक मागे जात नसलं तरी एनटीपी त्याचा वेग किंचित कमी-जास्त करत असतो. तेही नको असेल तर क्लॉक_मोनोटॉनिक_रॉ. आणि लॅपटॉप झोपलेला असताना लिनक्सचं मोनोटॉनिक थांबतं. झोपेचा वेळही धरायचा असेल, उदाहरणार्थ टोकनची मुदत तपासताना, तर क्लॉक_बूटटाइम घ्या. नावात ‘कोर्स’ असलेले प्रकार स्वस्त आहेत, पण त्यांची उडी १ ते ४ मिलिसेकंदांची असते.

रस्टची मांडणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. इन्स्टंट आणि सिस्टिमटाइम हे दोन वेगळे टाइपच आहेत, एकातून दुसरा वजा करायला कंपायलर देत नाही. शिवाय सिस्टिमटाइमची वजाबाकी थेट उत्तर न देता रिझल्ट देते: वेळ मागे गेली असेल तर काय करायचं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गोमध्ये टाइम.नाउ() आणि टाइम.सिन्स() पुरेसे आहेत. फक्त वेळ जेसनमध्ये लिहून परत वाचली किंवा राउंड(०) केलं, की सोबतचं मोनोटॉनिक वाचन गळून पडतं, हे ध्यानात असू द्या. सी# मध्ये स्टॉपवॉच.गेटटाइमस्टॅम्प() घ्या, डेटटाइम.यूटीसीनाउचं एकक १०० नॅनोसेकंदांचं आहे आणि ते वॉल क्लॉक आहे. पीएचपीमध्ये ७.३ पासून एचआरटाइम(ट्रू), रुबीत प्रोसेस.क्लॉक_गेटटाइम.

ब्राउझरमध्ये डेट.नाउ() मिलिसेकंद देतं, परफॉर्मन्स.नाउ() त्याहून बारीक आणि मोनोटॉनिक. पण इथे घड्याळ मुद्दाम बोथट केलेलं असतं. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. त्यात कॅशेमधून डेटा यायला लागणारा अतिसूक्ष्म वेळ मोजून दुसऱ्याची गुपितं वाचता येत होती. ब्राउझरांनी लगेच घड्याळांची धार कमी केली. आज क्रोममध्ये साध्या पानाला १०० मायक्रोसेकंदांची पायरी मिळते. पान क्रॉस-ओरिजिन आयसोलेटेड, म्हणजे इतर साइटच्या मजकुरापासून वेगळं केलं असेल तर ५ मायक्रोसेकंदांची. यावर जुगाड शोधत बसू नका.

शेल स्क्रिप्टबद्दल एकच गोष्ट. डेट कमांडला ‘%एस%एन’ दिलं की लिनक्सवर नऊ अंकी नॅनोसेकंद मिळतात, पण ती कमांड म्हणजे नवी प्रोसेस; ती सुरू व्हायलाच मिलिसेकंदभर जातो. त्यातले शेवटचे सहा अंक शोभेचे. बॅश ५.० पासून इपॉकरिअलटाइम हे व्हेरिएबल मायक्रोसेकंद देतं आणि नवी प्रोसेस लागत नाही.

पायरी ५: फार लहान काम मोजताना

आधी घड्याळ वाचण्याचा खर्च किती ते कळायला हवं. आजच्या x८६ लिनक्सवर क्लॉक_गेटटाइम साधारण काही दहा नॅनोसेकंदांत परततं, कारण ते कर्नलमध्ये जातच नाही. व्हीडीएसओ या सोयीमुळे प्रोसेसरचा टीएससी काउंटर प्रोग्रामच्या आतूनच वाचला जातो. पण काही व्हर्च्युअल मशीनवर किंवा जुन्या हार्डवेअरवर कर्नलला टीएससीवर भरवसा वाटत नाही आणि तो वाचायला मंद असा एचपीईटी किंवा एसीपीआयचा टाइमर घेतो. मग प्रत्येक वाचन खरा सिस्टिम कॉल होतं आणि मायक्रोसेकंदाच्या घरात जातं. सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारणारा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर अचानक मंदावला, तर सिसएफएसमध्ये (लिनक्स कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं ती जागा) क्लॉकसोर्स० या फोल्डरातली ‘करंट_क्लॉकसोर्स’ फाइल उघडा. तिथे टीएससी किंवा केव्हीएम-क्लॉक (व्हर्च्युअल मशीनसाठीचं घड्याळ) लिहिलेलं दिसलं तर ठीक. एचपीईटी दिसलं तर चोर सापडला.

म्हणून पन्नास नॅनोसेकंदांचं काम एकदा मोजणं म्हणजे घड्याळच मोजणं. काम लाखभर वेळा करा, आधी आणि नंतर एकेकदा वेळ घ्या, भागाकार करा. असे काही संच घेऊन त्यातला किमान किंवा मध्यक पाहा. सरासरी टाळा: मधेच ऑपरेटिंग सिस्टिमने दुसऱ्या प्रोसेसला पाळी दिली की एकच वाईट फेरी सरासरी बिघडवते. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये पहिल्या फेऱ्या टाकून द्या, तोवर जेआयटी कंपायलर (कोड चालता चालताच तो वेगवान करणारा) गरम होत असतो. कामाचं उत्तर कुठेतरी वापरलं जाईल असंही बघा. नाहीतर हुशार कंपायलर संपूर्ण लूप उडवून लावतो आणि तुम्ही शून्य नॅनोसेकंदांचा विक्रम साजरा करत बसता. पायथॉनमध्ये टाइमइट मॉड्यूल यातलं बरंच काम स्वतः करतं.

आरडीटीएससी ही प्रोसेसरची सूचना थेट वापरायचा मोह होईल. सुरुवातीला तरी नको. प्रोसेसर सूचनांचा क्रम स्वतःच बदलतो, काउंटर सेकंदांत नसून टिकांत असतो, आणि व्हीडीएसओ तोच काउंटर वाचून हिशोबासकट देतो.

पायरी ६: दोन मशीनच्या वेळा लावताना

इथवरचं सगळं एका मशीनपुरतं होतं. दोन सर्व्हरवरचे लॉग वेळेनुसार लावायचे असतील तर घड्याळ किती बारीक यापेक्षा ती दोन घड्याळं एकमेकांशी किती जुळतात हे महत्त्वाचं.

इंटरनेटवरून एनटीपी वापरून सहसा काही मिलिसेकंदांपर्यंत जुळणी मिळते, चांगल्या स्थानिक नेटवर्कवर त्याहून बरी. एनटीपी असं गृहीत धरतो की जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. तसं नसेल तर फरकाच्या निम्मी चूक घड्याळात शिरते आणि ती आतून दिसतही नाही. सर्व्हरवर क्रोनी (एनटीपीने घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) असेल तर ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ ही कमांड चालवा. आपलं घड्याळ किती पुढेमागे आहे याचा अंदाज ती सांगते. तो अंदाज अर्धा मिलिसेकंद असेल तर लॉगमधल्या नॅनोसेकंदांवरून ‘कोण आधी’ हे ठरवू नका.

त्याहून बारीक जुळणी हवी तर पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८. नेटवर्क कार्डच पॅकेटवर शिक्का मारतं, आणि मायक्रोसेकंदाच्या आत जाता येतं. तिथे केबलची लांबीसुद्धा हिशोबात येते. एका नॅनोसेकंदात प्रकाश जातो जेमतेम ३० सेंटिमीटर. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानाला तेवढ्या लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि श्रोत्यांना वाटायच्या. फायबरमध्ये तर २० सेंटिमीटरच. म्हणजे १०० मीटरच्या केबलमध्ये ५०० नॅनोसेकंद गेले.

लीप सेकंदाच्या बाबतीत सगळे सर्व्हर एकाच पद्धतीचे असू द्या. काही पुरवठादार तो सेकंद २४ तासांवर पसरवून हळूहळू भरतात, काही एकदम घालतात. दोन्ही प्रकार एकत्र आले तर त्या दिवशी घड्याळांत अर्ध्या सेकंदापर्यंत तफावत पडते.

पायरी ७: साठवताना

मायएसक्यूएलमध्ये कॉलमचा प्रकार नुसता डेटटाइम लिहिला तर सेकंदाचा अपूर्णांक साठत नाही. तो कापलाही जात नाही, गोल केला जातो: ३१ डिसेंबरच्या २३:५९:५९.७ ची नोंद १ जानेवारीच्या ००:००:०० ला जाऊन बसते आणि वर्षाचा हिशोब चुकतो. डेटटाइम(६) लिहा, मायक्रोसेकंद मिळतील. पोस्टग्रेसमध्ये मायक्रोसेकंद आपसूकच मिळतात. नॅनोसेकंद हवेच असतील तर दोन्हीकडे ६४ बिटांचा पूर्णांक ठेवा. चिन्हासहित तो २२६२ सालापर्यंत पुरतो. वेळ यूटीसीतच ठेवा, स्थानिक वेळ दाखवताना काढा.

टाइमस्टॅम्पला युनिक की करू नका. दोन थ्रेडना एकच आकडा मिळू शकतो, विशेषतः पायरी २ मध्ये उड्या मोठ्या दिसल्या असतील तर. क्रम महत्त्वाचा असेल तर सोबत एक वाढता क्रमांक ठेवा.

आणि कॉलमच्या नावात एकक घाला: ‘_एनएस’, ‘_एमएस’, ‘_एस’. हे केलं नाही तर एक सेवा मिलिसेकंद पाठवते, दुसरी ते सेकंद समजून वाचते आणि स्क्रीनवर सन ५५ हजारांच्या पुढची तारीख उमटते. उलट घोळ झाला, सेकंदांना मिलिसेकंद समजलं, तर सगळ्या नोंदी जानेवारी १९७० च्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला झालेल्या दिसतात. ती तारीख कुठे दिसली तर बाकी कोड तपासण्याआधी एक हजाराने गुणून बघा.